चुकीच्या फांद्या

ईस्टरच्या आठवड्यात वेस्लेडाल गावाच्या वरच्या टोकाला, जिथं रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतो, तिथल्या गाड्यांच्या तळावर सकाळपासून एक बाई उभी असायची. अंगात भावाचा जुना लोकरी स्वेटर, हातात कॉफीचा मग आणि नजर येणाऱ्याच्या पाठीवर. तिला तिथं कुणी नेमलं नव्हतं. पगार नाही, बिल्ला नाही. पण तिच्यासमोर सॅक न उघडता पुढं जायची शहरातल्या भल्याभल्यांची छाती होत नसे. गावानं तिचं नाव जकातनाका ठेवलं होतं. खरं नाव गुनवोर.

"फावडं कुठंय?" हा तिचा पहिला प्रश्न.

"अहो, आम्ही फक्त तळ्यापर्यंतच जाणार."

"तळ्यावर बर्फात गाडले गेलात तर काय चमच्यानं उकरणार? आणि ही पँट! सुती! ओली झाली की पत्र्यासारखी होते ती. घाला परत गाडीत, आणि बसा संत्री खात."

माणसं चिडायची, हसायची, काही जण परतही जायचे. परत गेलेल्यांचं तिला कौतुक असे, पण ते ती कधी बोलून दाखवत नसे. वेळेत मागं फिरण्यात लाज नाही, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. गुनवोरचं म्हणणं याच्याही पुढचं होतं. तयारीशिवाय डोंगरात जाणारा एकटा मरत नाही, तो दुसऱ्याच्या जिवावर उदार होतो, असं ती म्हणायची. त्याला शोधायला जे जातात, त्यांनाही घरी कुणीतरी आहे. हे ऐकवताना तिच्या आवाजाला अशी धार चढायची, की ऐकणाऱ्याला आपण खुनी असल्यासारखं वाटावं.

आणि तिला तो हक्कही होता. तळापासून वर ब्लोवान तळ्यापर्यंत, गोठलेलं तळं ओलांडून पलीकडच्या निवाऱ्याच्या झोपडीपर्यंत हिवाळ्यात जी वाट जाते, ती तिनं आणि तिच्या भावानं, हालवारनं आखलेली असायची. बर्फावर वाट नसतेच. तिथं बर्चच्या झाडाच्या फांद्या रोवाव्या लागतात. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. हे काम त्यांच्या बापाचं होतं, त्याच्यामागून या दोघांकडं आलं. बाप एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, "न लावलेली फांदी कुणाला मारत नाही. चुकीची लावलेली मारते." एखादी फांदी चुकीच्या जागी गेली आणि लक्षात आलं, तर घराच्या दारातूनही मागं फिरून ती उपटायची, हा त्या घरचा रिवाज होता.

गुनवोर तरुणपणी लग्न होऊन शहरात गेली होती. फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी ती बॅग घेऊन स्कारच्या, म्हणजे माहेरच्या शेतघराच्या दारात उभी राहिली. हालवारनं तिच्याकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं आलीस, बकऱ्या दोहायच्यात." या विषयावर त्या घरात एवढंच बोलणं झालं. तिचं लग्न का मोडलं, हे त्यानं मरेपर्यंत विचारलं नाही. भाऊ असावा तर असा.

फांद्या लावायला दोघं बरोबर जायची, आणि त्यामागं कारण होतं. माणसाला पाठ एकच. तिच्यावर एक तर फांद्यांचा भारा बसतो, नाहीतर सॅक. म्हणून गुनवोर भारा घ्यायची, आणि हालवार सॅक. सॅकमध्ये फावडं, वाऱ्यात अंगावर ओढून घ्यायची मोठी पिशवी, थर्मास, कोरडे मोजे. ती सॅक दारामागच्या खुंटीवर कायम भरलेली असायची. गुनवोरनं स्वतःच्या पाठीवर ती कधी घेतली नव्हती. लोकांच्या सॅका तपासण्यात हयात गेली बाईची, पण तिची स्वतःची सॅक कायम भावाच्या खांद्यावर होती. ही गोष्ट ना गावाच्या लक्षात आली, ना तिच्या.

त्या वर्षी ईस्टरच्या आधी उबदार वारं सुटलं, बर्फ वरून मऊ पडला आणि हालवारचा गुडघा सुजला. शनिवारी सकाळी तळावर बर्गन शहरातला एक माणूस आला. उंच, चष्मा लावलेला, दोन दिवस गावातल्या खानावळीत उतरलेला. पँट सुती. गुनवोरनं त्याला नेहमीप्रमाणं सोलून काढलं. तो सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "बाई, काल मी तळ्यापर्यंत जाऊन आलो. तुमच्या निम्म्या फांद्या आडव्या पडल्यात. ज्यांनी वाट दाखवायची, त्याच बर्फात झोपल्यात, आणि तुम्ही मला फावडं विचारताय?"

आजूबाजूला उभे असलेले चारजण हसले. हसणं फार मोठं नव्हतं, पण गुनवोरला ते जिव्हारी लागलं.

ती तरातरा घरी आली. हालवार चुलीपाशी पाय लांब करून बसला होता.

"तळ्यावरच्या फांद्या पडल्यात. जाऊन लावून येते."

"उद्या जाऊ. स्वाइनुंगला घे बरोबर. पश्चिमेकडं बघ जरा, कसं काळवंडलंय."

"उद्या सगळं गाव वर जाईल. आणि तो चष्मेवाला माझी टिंगल करत फिरेल खानावळीत."

"करू दे की. त्यानं काय तुझी जकात बुडणारे?"

"तळ्यापर्यंत तर जायचंय हालवार!"

हेच वाक्य तिनं आयुष्यभर लोकांच्या तोंडून ऐकून त्यांना फाडून खाल्लं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते खोटं नाही. तिनं भारा पाठीवर बांधला. खुंटीवरची सॅक तिला दिसली नाही असं नाही. पण पाठ भरलेली होती. पहारीसारखी टोकदार लोखंडी काठी हातात घेतली आणि ती स्की लावून निघाली.

"दुपारच्या आत ये," हालवार मागून म्हणाला. "मटारचं सूप करतो."

तळ्याच्या काठापर्यंतच्या फांद्या उभ्या होत्या. बर्फावर मात्र त्या माणसानं सांगितल्याप्रमाणंच होतं. तिनं काम सुरू केलं. भोक पाडायचं, फांदी रोवायची, पायानं बर्फ दाबायचा. निम्मं तळं होईपर्यंत ती त्या बर्गनवाल्याशी मनातल्या मनात भांडत होती, आणि भांडणात जिंकतही होती. तेवढ्यात पश्चिमेकडचं काळं पुढं सरकलं आणि जग पुसलं गेलं. वर पांढरं, खाली पांढरं. वारा तोंडावर बर्फाचे कण मारू लागला. स्वतःच्या स्कीची टोकंही तिला दिसेनात.

तिला अजून भीती वाटली नव्हती. तिनं पाठीवरच्या उरलेल्या फांद्या एकेक करून लावायला घेतल्या. एक लावायची, ती दिसेनाशी व्हायच्या आत दुसरी लावायची. निदान आपण गोल गोल फिरणार नाही, आणि याच ओळीनं परत येता येईल. अंदाज झोपडीच्या दिशेचा होता. पण वाऱ्यानं दिशा बदलली होती आणि ती वाऱ्याच्या भरवशावर चालली होती. शेवटची फांदी लावून ती चार पावलं पुढं गेली आणि थांबली. पायांखाली पाणी बोलत होतं.

ब्लोवान तळ्याचं पाणी जिथून ओढा होऊन खाली निघतं, तिथं कधीच पक्का बर्फ धरत नाही. गावातली माणसं तिकडं फिरकत नाहीत. झोपडीकडं जाता जाता ती थेट त्या तोंडावर येऊन उभी राहिली होती. ती हळूहळू बाजूला सरकली आणि हाताला काठावरचा खडक लागला. तिला रडू कोसळलं, कारण आता ती कुठं आहे हे तिला कळलं होतं. हाच ओढा खाली घळीतून स्कारच्या गोठ्यामागं उतरतो. त्याच्या आवाजाला धरून गेलं की घर.

त्या क्षणी तिला फांद्या आठवल्या. आठवल्या, हे नीट ध्यानात घ्या. मागं वळून तिनं बघितलं. शेवटची फांदीसुद्धा दिसत नव्हती. बोटं बधिर झाली होती. मागं गेलं तर परत हा खडक सापडेल याचा भरवसा नव्हता. उद्या येऊन उपटू, असल्या वादळात कोण येतंय इकडं, असं ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली आणि घळीत उतरली. दुसरं कुणी असतं तर त्याला कुणीही दोष दिला नसता.

घरी पोचायला फार वेळ लागला. घळीत ती दोनदा कमरेपर्यंत रुतली, एक स्की मोडली. गोठ्याची भिंत लागली तेव्हा उजेड मावळतीला चालला होता. ती दार ढकलून आत आली. सुपाचं भांडं चुलीच्या कडेला होतं. चूल कोमट.

"हालवार!"

दार लावायला ती वळली आणि तिला दारामागची खुंटी दिसली. सॅक नव्हती.

शेजारची बोर्गिल मिठाचा डबा परत करायला म्हणून आली, तर गुनवोर उंबऱ्यातच बसलेली. "अगं, तू इथं?" बोर्गिल म्हणाली. "आणि तो कुठंय? मघाशी लंगडत लंगडत वर गेला माझ्या दारावरून. मी म्हटलं, अशा हवेत कुठं? तर हसला. म्हणे, गुनवोरचा थर्मास राहिलाय, देऊन येतो."

"तू अडवलं नाहीस?"

"तुझ्याकडं चाललाय म्हटल्यावर मी काय अडवणार? तू वर असताना कुणाला कसली काळजी!"

गुनवोरला सगळं लख्ख दिसलं. फोन भिंतीवर होता. हालवारनं स्वाइनुंगला एक फोन केला असता तर शोधपथक आलं असतं, माणसं आली असती. पण मग संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, की जकातनाका फावडं न घेता डोंगरात गेला. बहिणीचं हसू होऊ नये म्हणून हा माणूस सुजलेला गुडघा घेऊन, शेजारणीशी खोटं बोलून, एकटाच निघाला होता. आणि तो वाट कशी शोधणार? फांद्यांनी. जन्मभर ज्या फांद्यांवर त्यानं डोळे मिटून विश्वास टाकला, त्या तिच्या फांद्यांनी.

तिनं फोन उचलला. काही लपवलं नाही. "मी गुनवोर. मी सॅकशिवाय वर गेले होते. हालवार मला शोधायला गेलाय. लवकर या."

स्वाइनुंग नळजोडणीचं काम करायचा आणि गावातल्या शोधपथकाचा प्रमुख होता. तो माणसं घेऊन आला. अंगणात वारा इतका होता, की माणसांना एकमेकांच्या कानात ओरडावं लागत होतं. तो बर्गनचा माणूसही खानावळीतून आला होता, त्याच सुती पँटमध्ये. "मी काही करू शकतो का?" तो विचारत होता. गुनवोरनं त्याच्याकडं पाहिलं. तिला त्याच्यावर राग आणायचा होता, पण येईना. "आत जा आणि चुलीत लाकडं घाला," ती म्हणाली.

स्वाइनुंगनं नकाशा टेबलावर पसरला. "दिसत काहीच नाहीये. पण ओळ उभी आहे ना? तळ्यावरची तू आज लावलीस ना परत?"

"लावली."

"मग जमेल. दोरीला बांधून घेऊ, फांदीवरून फांदीवर जाऊ. झोपडीपर्यंत. आपल्याला दिसायची गरजच नाही, गुनवोरच्या फांद्या आहेत म्हटल्यावर."

माणसं उठू लागली. पट्टे आवळू लागली. गुनवोर बोलली नाही.

ती बोलली नाही, तेवढ्या वेळात तिच्या मनात काय झालं हे तिनं पुढं बोर्गिलला एकदा सांगितलं होतं. गप्प राहिलं तर ही माणसं निघतील. तळ्यावर जातील, तिच्या चुकीच्या ओळीला लागतील, आणि ती ओळ त्यांना बरोबर हालवारपर्यंत घेऊन जाईल, कारण हालवारही त्याच ओळीवर असणार. फक्त गप्प राहायचं. ओढ्याच्या तोंडावरचा बर्फ कदाचित धरेल. ती एकटी गेली तेव्हा धरला होता, दोरीला बांधलेले सहा गेले तरी कदाचित धरेल. समोर स्वाइनुंगचा थोरला होता, नुकतं लग्न झालेला. त्याची बायको तिच्याकडून बकरीचं चीज न्यायची.

"थांबा," ती म्हणाली. "तळ्यावरची ओळ चुकीची आहे."

"म्हणजे?"

"निम्म्यापासून. मला दिसत नव्हतं. ती झोपडीकडं जात नाही, ओढ्याच्या तोंडावर जाते. शेवटची फांदी पाण्यापाशी आहे. मी उपटली नाही."

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. स्वाइनुंग हळूच खाली बसला.

"घळीतून जाऊ," ती घाईघाईनं म्हणाली. "मी आले त्या वाटेनं. मी दाखवते."

"घळीच्या डोक्यावर आज किती बर्फ साचलाय ठाऊक आहे तुला, कधीही खाली कोसळेल. तू उतरलीस ते नशीब. मी माणसं नाही घालणार तिथं, आणि त्या ओळीवरही नाही."

"तो लंगडतोय रे! त्याला गुडघ्यानं चालवत नाहीये!"

"गुनवोर."

"मी एकटी जाते. मला एक स्की द्या कुणाची तरी. तुम्ही नका येऊ. तुम्हाला कुणी बोलावलंय!"

ती दाराकडं धावली. स्वाइनुंगनं तिला धरलं, दोन्ही हातांनी. ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत राहिली. म्हाताऱ्या बाईच्या हातात एवढं बळ असतं हे त्याला माहीत नव्हतं. "तूच शिकवलंस आम्हाला," तो तिच्या कानात म्हणाला, आणि त्याचाही आवाज फाटला होता. "एक हरवला तर त्याचे चार करायचे नाहीत. वारा पडला की पहिलं पाऊल माझं असेल. शपथ घेतो. पण आत्ता नाही."

आपण लोकांना शिकवलेलं आपल्यालाच भोगावं लागतं. ती रात्र कशी गेली हे लिहिण्यात अर्थ नाही. बोर्गिल तिच्याजवळ बसून होती. बर्गनचा माणूस चुलीत लाकडं घालत राहिला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही. एकदाच गुनवोर बोलली. "त्याच्याकडं सगळं आहे," ती म्हणाली. "फावडं आहे, पिशवी आहे. खड्डा करून पिशवीत शिरला असेल. हालवार वेडा नाही. तो बसून राहील." बोर्गिल हो म्हणाली. सगळेच हो म्हणाले. ते खरंही होतं. ज्याच्याजवळ ती सॅक आहे, तो माणूस ब्लोवानवर दोन दिवससुद्धा जगू शकतो.

ईस्टरच्या सकाळी आभाळ इतकं निळं उघडलं, की बघून संताप यावा. खाली गावात चर्चची घंटा वाजत होती. पथक वर गेलं आणि या वेळी तिला कुणी अडवलं नाही. तळ्याच्या मध्यापर्यंतची ओळ सरळ होती. तिथून फांद्या वळल्या होत्या. इतक्या सुबक, इतक्या सारख्या अंतरावर, की कुणालाही वाटावं हीच वाट. तिचं काम चोख होतं. पुढच्या माणसानं हात वर केला.

शेवटच्या फांदीभोवती खड्डे होते. एक नाही, कितीतरी. काही गुडघाभर, काही पार खाली बर्फाच्या कडक थरापर्यंत गेलेले, एकाला लागून एक, चहूकडं. वाऱ्यानं ते अर्धे बुजवले होते. शेवटच्या खड्ड्यात हालवार गुडघ्यांवर बसला होता, कपाळ फावड्याच्या दांड्यावर टेकवून. स्वाइनुंग त्याच्याजवळ खाली बसला आणि थोड्या वेळानं त्यानं टोपी काढली.

सॅक फांदीशी टेकवून ठेवलेली होती. पिशवी घडी न मोडलेली. कोरडे मोजे तसेच. थर्मास काठोकाठ भरलेला, कारण तो तिच्यासाठी होता.

तो बसून राहिला नव्हता. ओळ इथं संपते, पुढं फांदी नाही, म्हणजे बहीण इथंच कुठंतरी बर्फाखाली आहे, असा त्यानं हिशोब केला होता. फांद्या वाचणाऱ्याचा तो बिनचूक हिशोब होता. म्हणून तो स्वतःसाठी खड्डा न करता तिच्यासाठी खणत राहिला. आणि त्या वेळी ती घळीतून उतरत होती, किंवा कोमट चुलीसमोर उभी होती.

गुनवोरनं ती फांदी दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. मग आधीची. मग तिच्या आधीची. माणसं हालवारला खाली नेत होती आणि ती मागं मागं जात एकेक फांदी उपटत होती, जिथं ओळ खरी होती तिथपर्यंत. कुणी मदतीला गेलं नाही. बर्गनचा माणूस काठावर उभा राहून रडत होता.

पुढच्या वर्षी ती तळावर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आली तरी कोणत्या तोंडानं बोलेल, असंही काही जण म्हणाले. गाव ते गावच. ती आली. तोच स्वेटर, हातात कॉफीचा मग, फक्त या वेळी पाठीवर सॅक होती. एक तरुण जोडपं गाडीतून उतरलं, हसत खिदळत, पाठीला काही नाही.

"फावडं?" गुनवोरनं विचारलं.

"नाही हो. फक्त तळ्यापर्यंत जायचंय."

जवळ उभा असलेला स्वाइनुंग आता काय होतंय म्हणून बघू लागला. पूर्वीची गुनवोर असती तर त्या दोघांची सालटी निघाली असती. तिनं कॉफीचा मग खाली ठेवला, खांद्यावरची सॅक उतरवली आणि त्यातल्या तरुणाच्या पाठीवर चढवून स्वतः पट्टे आवळले.

"ही माझ्या भावाची," ती म्हणाली. "संध्याकाळी परत आणून द्या. मी इथंच आहे."

"अहो, पण आम्ही लगेच..."

"आणि आत थर्मास आहे. प्या तो." तिचा आवाज पुन्हा तसाच धारदार झाला होता. "भरलेला परत आणलात, तर गाठ माझ्याशी आहे."